बुडावरची खूण

विनेशने प्रयोगशाळेच्या टेबलावर जंतू वाढवायच्या चोवीस प्लेटा दिनानाथ सरांपुढे मांडल्या आणि काशिफाकडे न बघताच सांगून टाकलं, की तीन आठवडे फुकट गेले.

प्रयोग काशिफाचा. माणसाच्या पेशी वाढवायच्या, निम्म्यांत बीसीजी लसीतला जंतू सोडायचा, निम्म्यांत क्षयाच्याच कुळातला त्याचा चुलत भाऊ; मग पेशींच्या पोटात कोण जास्त माजला, ते प्लेटांवर उगवू देऊन मोजायचं. उगवलेले ठिपके दिसायला अगदी सारखे. ओळख काय ती झाकणावरच्या चिठ्ठीची, तिच्यावरच्या नावाची आणि आकड्याची. तळाला चिठ्ठी लावली तर फोटो बिघडतो, हा नियम विनेशचाच. आणि आता एकाच नावाच्या बारा प्लेटांत काही गच्च भरलेल्या, काही जवळजवळ रिकाम्या.

उद्यापासून हे काम विनेश बघेल, असं सर म्हणाले. वर्षभर या पेशी जपण्यापायी काशिफा दोन ईद दिवेआगरला घरी गेली नव्हती.

विनेशचं तेवढ्यावर भागलं नाही. "हिच्या हाताला शिस्तच न्हाय, सर. बिर्याणीत खालचं वर झालं तर चालतं. इथं न्हाय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने एवढंच विचारलं, की काल फोटो काढताना झाकणं कुणी काढली होती? मीच, तो म्हणाला. आतून वाफ धरली होती, सगळी एकदम काढली, एकदम लावली. त्यात काय?

काशिफाने एक भरलेली प्लेट उचलून पालथी केली. तळाच्या कडेला पेनाने मुंगीएवढं उर्दू अक्षर होतं आणि शेजारी आकडा, तोही उर्दूतच. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बाकीच्या स्वतःच पालथ्या घातल्या. भरलेल्या बाराही प्लेटांवर एकच अक्षर होतं. रिकाम्यांवर दुसरं.

"आमच्या जमातीच्या बिर्याणीच्या मोठ्या देगी लग्नाला घरोघर फिरतात," काशिफा म्हणाली. "झाकणं बदलतात, सर. म्हणून आम्ही नाव बुडाला घालतो."

काम तुझंच, म्हणून सर उठले. विनेशही उठला, तशी तिने प्लेटा त्याच्याकडे सरकवल्या.

"ज्याचं झाकण त्याला लावून जा."

त्याने पहिली पालथी केली आणि खूण उजेडाकडे धरली. रस्त्यावरून एक कंटेनर खिडक्या हलवत गेला.

"हा आकडा कुठला, काशिफा?"

तिने सांगितला. मग स्टूल ओढून ती समोर बसली. अजून तेवीस होत्या.