हणमंतरावांचा वजीर

हणमंतरावांचं शेवटचं कार्ड नांदेडहून येऊन आठ महिने होत आले होते, आणि भगवंतरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. दोघे पत्रानं बुद्धिबळ खेळत. एका कार्डावर एक चाल. त्या कार्डावर हणमंतरावांनी आपला वजीर उचलून थेट भगवंतरावांच्या उंटाच्या तोंडी दिला होता. बदल्यात काहीच मिळत नव्हतं. भगवंतरावांनी आधी स्वतःवरच शंका घेतली. यात काहीतरी खोल असणार, आपल्याला दिसत नाही इतकंच. घरातली सगळी पुस्तकं पालथी घातली. मग हळूहळू दुसरीच भीती वाटायला लागली. वजीर घ्यावा, तर हणमंतरावांना स्वतःची चूक कळणार. सोडून द्यावा, तर आपण केलेली दया कळणार. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

आणि आज हणमंतरावांची मुलगी तेजश्री त्यांना बरकतपुऱ्यातल्या घरून ऑटोत बसवून सिकंदराबादला, पार्क लेनमधल्या एका दुकानात घेऊन आली होती. ती कुकटपल्लीला एका कॉम्प्युटर कंपनीत होती. बाबांना बुद्धिबळ खेळायला घरी कॉम्प्युटर हवा, असं तिनं ठरवलं होतं. मोठ्या कंपनीचा तयार घेणं झेपणारं नव्हतं. सुटे भाग निवडायचे, जोडून घ्यायचे, आणि ते पुष्कळ वर्षं टिकले पाहिजेत.

"कित्ते साल चलाना, वो बोलो पैले," दुकानदार म्हणाला. "उस हिसाब से बोर्ड डालता मैं."

तेजश्रीनं भगवंतरावांकडे पाहिलं. "सांगा ना, काका. बाबांचा खेळ तुमच्याइतका कुणाला माहीत आहे?"

"मला यातलं काय कळतं?" भगवंतराव म्हणाले.

"यातलं मला कळतं. तुम्ही बाबांचं सांगा." तिनं आवाज उतरवला. "आई म्हणते, ते हल्ली विसरतात. परवा दूध आणायला गेले ते हात हलवत परत आले. पण बुद्धिबळात अजून तसेच आहेत ना?"

भगवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काउंटरवर हिरव्या पट्ट्या, वायरी आणि पुठ्ठ्याचे खोके पसरले होते.

"तसे तर… त्यांचा हात धरणारा नांदेडात कोण होता!"

"मग ठीक," ती म्हणाली. "म्हणजे प्रोसेसर जरा चांगला घ्यायला हवा. पडदा लहान चालेल."

पलीकडे एक यंत्र चालू होतं. दुकानदारानं त्यावर बुद्धिबळाचा पट मांडून दाखवला. "चाचा, खेल के देखो. सबसे सस्तेवाला है, मगर जवाब देने को टाइम नै लगाता."

तेजश्री कॅबिनेट बघायला वळली. भगवंतरावांनी दुकानदाराला एकेक सोंगटी कुठे ठेवायची ते सांगितलं. ती मांडणी त्यांना तोंडपाठ होती. काळ्यांचा वजीर हणमंतरावांनी ठेवला होता तिथे ठेवला, आणि पांढऱ्यांची चाल यंत्राला दिली.

डोळ्याचं पातं लवायच्या आत वजीर पटावरून नाहीसा झाला.

खोल काही नव्हतं.

"समोरच्यानं चुकून दिला असेल," त्यांनी हळूच विचारलं, "तर हे कधी सोडून देतं का?"

"लेव्हल कम करो तो खुद भी गलती करता. मगर फोकट का वजीर?" दुकानदार हसला. "क्यों छोडेगा, चाचा? मशीन है."

तेजश्री मागे येऊन उभी राहिली होती. "अरेच्चा! वजीर कुणाचा गेला?"

"माझा," भगवंतराव म्हणाले.

"काका! तुम्हीसुद्धा?" ती खळखळून हसली. "बाबांना कळू देऊ नका. वर्षभर चिडवतील."

"हो. चिडवतील."

"मग सांगा, किती वर्षांचा घेऊ?"

भगवंतराव खोक्यांकडे बघत राहिले. तिचा हात पर्सच्या चेनवर तसाच थांबला होता. "चांगला घे," ते म्हणाले. "दहा वर्षं तरी चालेल असा घे."

"दस साल!" दुकानदारानं कपाळाला हात लावला. "दस साल तो दुकान भी नै रहती, चाचा." पण त्यानं आतून महागाचा बोर्ड काढला. तेजश्रीनं पडदा आणखी लहान केला आणि स्पीकर रद्द केले.

जोडणी होईपर्यंत वेळ होता. भगवंतराव जरा पाय मोकळे करतो म्हणून बाहेर पडले, पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं आणि उभ्यानंच लिहिलं:

"प्रिय हणमंतराव, स. न. वि. वि. आपलं कार्ड मिळालं. पण चालीची ओळ नेमकी शिक्क्याखाली गेल्यानं वाचता येत नाही. चाल कृपया पुन्हा कळवावी. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी."

दोनदा वाचलं. हणमंतरावांना हे खरं वाटेल, की यातली दया दिसेल, ते त्यांना कळेना. इतक्यात शोधत शोधत तेजश्री तिथे आली.

"बाबांना लिहिलंत? आणा इकडे, शनिवारी मी जातेच आहे कॉम्प्युटर घेऊन."

"नको नको. पोस्टानंच जाऊ दे," ते घाईनं म्हणाले, आणि कार्ड पेटीत टाकलं.

ती ऑटो बघायला पुढे गेली. भगवंतरावांनी मागे वळून पेटीच्या तोंडात बोटं घातली, जमेल तितकी आत. कार्ड खाली गेलं होतं.