निळ्या फाटकाआड

जपानी साहेबानं दोनदा वाकून नमस्कार केला, दोनदा टाळी वाजवली आणि डोळे मिटले. मागं खराटा घेऊन उभ्या असलेल्या आशाबाईनंही हात जोडले.

चितेगावच्या कारखान्यामागं, कडुनिंबाखाली हे देऊळ होतं. लाकडी, माणसाच्या कमरेएवढं, पुढं तांबड्या खांबांची कमान. ना घंटा, ना शेंदूर. आत हातात मासा धरून बसलेला गालफुगा, हसरा देव. कारखाना जपान्यांचा, तसा देवही त्यांचा. त्याच्यापुढचा पाला झाडायचं काम आशाबाईचं. इथं आली की तिच्या जिवाला थंड वाटायचं.

साहेबानं डोळे उघडले आणि तिच्याकडं बघून काहीतरी विचारलं. शेजारी दुभाषी मॅडम होत्या, संभाजीनगरच्याच.

"साहेब विचारतात, रोज हात जोडता, हा देव कोण ते माहीत आहे का?"

"नाय जी. देव हाय, तेवढं बास."

साहेब हसला. सावकाश सांगू लागला, आणि मॅडम मराठीत करत गेल्या. फार पूर्वी एक देव आणि एक देवी होती. त्यांना पहिलं लेकरू झालं ते अंगात हाडच नसल्यासारखं. जळूगत लुळं. तीन वर्षांचं झालं तरी पायावर उभं राहीना. मग आईबापांनी लव्हाळ्याची होडी केली, त्याला तिच्यात निजवलं आणि समुद्रात सोडून दिलं.

आशाबाईनं खराट्याची मूठ घट्ट धरली.

तिचा पुंजाराम असाच होता. चार वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता, पण तिचा आवाज ऐकला की अख्ख्या अंगानं हसायचा. दुसऱ्या बाळंतपणाला ती करमाडला माहेरी गेली, तेव्हा त्याला सासूजवळ ठेवलं. पोरीला घेऊन परत आली तर घरात त्याचं अंथरूणसुद्धा नव्हतं. "शहरात आश्रमात ठेवलाय," रामकिसन, तिचा नवरा, म्हणाला. "तिथं डाक्टर हाय, दूध हाय. तुझ्यानं काय व्हनार व्हतं?" ती चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी जेवली.

भेटायला जाते म्हटलं की तो म्हणायचा, तुला बघून लेकरू हंबरडा फोडंल, आश्रमवाले नको म्हणतात. मग ती अंदाजानं कपडे शिवून द्यायची, दरसाल थोडे मोठे. रामकिसन फटफटीवर घेऊन जायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा. "आंगाला बराबर झालं," सांगायचा. कुणी लेकरं किती विचारलं तर तोच पुढं होऊन "एक पोरगी" म्हणायचा. या उन्हाळ्यात लग्नाला जाताना नक्षत्रवाडीजवळ त्यानं बसच्या खिडकीतून एक निळं फाटक दाखवलं. "त्यो बघ आश्रम. तिथंच हाय आपला पुंजा." चालत्या बसमधून तिनं फाटकाला हात जोडले होते.

"मेलं का मंग ते लेकरू?" आशाबाईनं विचारलं.

"नाही, नाही. लाटांनी लांबच्या किनाऱ्याला नेलं. कोळ्यांनी वाढवलं. तेच लेकरू म्हणजे हा देव. भरभराट देणारा."

"आन् आई? आई गेली का त्याला बघाया?"

मॅडमनी साहेबाला विचारलं. साहेबानं नकारार्थी मान हलवली.

"गोष्टीत तसं काही नाही म्हणतात. पुढं तिला पुष्कळ लेकरं झाली. याला मात्र त्यांच्यात धरलं नाही."

आशाबाईनं खराटा कडुनिंबाला टेकवला. "मॅडम, आज मला सुट्टी पायजे," ती म्हणाली. "माझं लेकरू बघाया जायचंय."

रिक्षातून उतरून तिनं केळी घेतली आणि निळं फाटक लोटलं. अंगणात चाकाच्या खुर्च्यांवर पोरं ऊन खात बसली होती. ती एकेकाचं तोंड बघत गेली. एक पोरगा सात-आठ वर्षांचा, मान कलती, अंगात निळा सदरा. तिनं हाक मारली, "पुंजा!" तो अख्ख्या अंगानं हसला. आशाबाई त्याच्यापुढं बसली. त्याची लाळ पदरानं पुसली, केळं कुस्करून घास त्याच्या तोंडात घातला. "मी आई रं. उशीर झाला रं मला." तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती हसत होती.

आश्रमाच्या बाई लगबगीनं बाहेर आल्या. "कोण तुम्ही? हा गंगाखेडचा आहे. याची आजी येते दर महिन्याला."

आशाबाईनं घाईघाईनं हात मागं घेतला. "चुकलं बाई. मंग माझा आत आसंल. पुंजाराम नाव. त्याचा बाप येतो की कपडे घिऊन. तीन वर्षं झाली त्याला तुमच्यात ठिवून."

बाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तीन वर्षं कशी होतील, ताई? आमचा आश्रमच मागच्या दिवाळीत सुरू झाला."