किल्ल्याची बाग

जरा पुढं सरका माउली, सौदीतल्या अल खर्जच्या रेतीतली एक गोष्ट सांगतो. फकरुद्दीन गवंड्याचा पासपोर्ट मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, कपाटात. कफीलनं जर्मनीतल्या नदीकाठच्या किल्ल्याचा फोटो दिला. "हुबेहूब असाच बांध, मग खलास, घरी जा." चार वर्षांत फकरुद्दीननं बुरूज चढवले, नदीसाठी कालवा खणला, बागेत रोपं लावली. कफील फोटो घेऊन पाहायला आला.

"फोटोत झाडं बुरजाहून उंच आहेत."

"साहेब, ती बाग तीनशे वर्षांची. फोटोखालीच लिहिलंय."

"मग पाणी घालत राहा."

सांजवात लावाल तेव्हा रत्नागिरीतल्या शरफुन्निसेला आठवा. नवऱ्यानं तिला फोनवर एवढंच सांगितलंय, "काम होत आलं गो, आता फक्त झाडं राहिलीत."