चहाबाहेरचा प्रश्न

‘या ग्रंथालयात या प्रश्नाचे उत्तर नाही.’

पडद्यावरचे वाक्य वाचून ग्रंथपाल निरुपमा फुकनला प्रथम आनंद झाला. कानाशी फोन होता, फोनमध्ये नदीपलीकडच्या मळ्यावरचे डॉक्टर हांडिक धापा टाकत बोलत होते. आणि तिच्या मनात मात्र एकच गोष्ट उमटली. सापडले. हे यंत्र अखेर तोंडघशी पडले.

महिनाभर ती याच क्षणाच्या मागावर होती. वरच्या आसामातल्या त्या चहा संशोधन संस्थेचे ग्रंथालय तिने उभ्या हयातीत रचलेले. ते सगळे ग्रंथालय एका संगणकप्रणालीला वाचायला दिले होते. संस्थेत त्या प्रणालीला सगळे यंत्रच म्हणत. प्रश्न विचारला की यंत्र क्षणात उत्तर देई, आधाराचा लेख आणि पानही सांगे. ते ठेवायचे की परत पाठवायचे, हे निरुपमाच्या अहवालावर ठरणार होते. तिची पद्धत तिच्या व्यवसायातली जुनीच. ज्याचे उत्तर आपल्याला पाठ आहे तेच विचारायचे, आणि यंत्र कुठे थापा मारते ते पाहायचे.

“बाइदेउ, यंत्र बघताय की सून?” संचालक चेतिया दारातून डोकावत विचारायचे. बाइदेउ म्हणजे ताई; निरुपमाला सगळे हीच हाक मारत.

“सून परत पाठवता येत नाही, सर. हे येतं. म्हणून आधीच खोट काढून ठेवतेय.”

खोट काही निघत नव्हती. चहावरच्या करप्याचे विचारा, लाल कोळ्याचे विचारा, यंत्र चुकत नव्हते. एकही नसलेला लेख त्याने रचला नव्हता. आणि आज, भर दुपारी, हे.

“बाइदेउ, मिळालं का?” हांडिक ओरडले. “सालगी तांती, फवारणीवाली. पाठीवरचा पंप फुटला, सगळं अंगावर सांडलं. तोंडातून फेस येतोय. नेहमीचा उतारा देऊन झाला, काही उपयोग नाही. किडीच्या या नव्या औषधावर दुसरं काय देतात?”

“मेडिकल कॉलेजला विचारलंत?”

“त्यांनी नावसुद्धा ऐकलेलं नाही. बाजारातच आलेलं नाही ते! कंपनीच्या फोनवर मघापासून नुसती सतार वाजतेय. मळ्यावर चाचणी तुमच्या लोकांनी केली ना? मग तुमच्याकडे नसेल तर कुणाकडे असेल?”

“आहेच आमच्याकडे,” निरुपमा म्हणाली. “यंत्र आंधळं आहे, मी नाही. फोन ठेवू नका.”

ती कपाटांकडे धावली. तिला यादी लागत नसे; हात आपोआप जागेवर जाई. त्या औषधाची सगळी कागदपत्रे एकाच खणात होती, सुबक बांधलेली. तिने पाने उलटली. हेक्टरी किती फवारायचे, ते होते. कोणता किडा किती वेळात मरतो, ते होते. मधमाश्यांवर काय परिणाम होतो, याचा सविस्तर निबंध होता. ओढ्यातल्या माशांवर होता. फवारल्यावर किती दिवस पाने खुडू नयेत, म्हणजे हॅम्बुर्गमधल्या कुणाच्या पेल्यात औषधाचा अंश उतरणार नाही, याची तर भिंतभर आकडेवारी होती. सृष्टीतल्या इतक्या जिवांची काळजी एका खणात एकवटलेली पाहून कुणालाही गहिवरून आले असते. पंप पाठीला बांधून चहाच्या ओळींमधून कुणी माणूस चालतो, हे मात्र एकाही कागदाला ठाऊक नव्हते.

तिने दुसरे कपाट उघडले. मग जुन्या औषधांची कपाटे. मग बांधीव अहवालांची आख्खी भिंत. संस्था स्थापन झाली तेव्हापासून विषाची खरेदी अखंड चालू होती. उताऱ्याची कुणी केलीच नव्हती. ग्रंथनिवडीचा नियमच तसा होता. ग्रंथालय चहाचे आहे, चहाबाहेरचे काही घ्यायचे नाही. पाहुण्यांना ग्रंथालय दाखवताना निरुपमा हा नियम अभिमानाने सांगत असे.

ती फोनपाशी परत आली.

“नाहीये, डॉक्टर.”

“यंत्रात नाही हो! ते ऐकलं मघाशी. कपाटात बघा की!”

“कपाटातच नाहीये.”

“कसं शक्य आहे? एवढं मोठं ग्रंथालय तुमचं…”

पलीकडे बायकांचा गलका ऐकू येत होता. तो एकाएकी थांबला, आणि मग एकीनेच हंबरडा फोडला. हांडिकांनी निरोप न घेताच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतिया आले आणि खुर्ची ओढून बसले.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “मळ्यावरच्या बायका फाटकाशी बसल्यात म्हणे. बरं, तुमचा अहवाल झाला का? वरून विचारणा आहे.”

“कालचा प्रश्न राहिलाय, सर. तोही चाचणीत धरलाय.”

“तो कशाला?” चेतियांना खरोखरच आश्चर्य वाटले. “उगाच बिचाऱ्या यंत्राचे गुण जातील. खोडून टाका तो, बाइदेउ. चहाचा प्रश्नच नव्हता तो.”

ते गेल्यावर निरुपमाने अहवाल पुढे ओढला. प्रश्न तिने खोडला नाही. सालगी तांतीचे नाव घालून तो पुरता लिहिला. त्याखाली यंत्राचे उत्तर जसेच्या तसे उतरवले: ‘या ग्रंथालयात या प्रश्नाचे उत्तर नाही.’ आणि त्याच्यापुढे, परीक्षकाच्या रकान्यात, लिहिले: ‘बरोबर.’