पालकांचा पट्टा

पहिल्या झटक्याला व्यंकटअप्पांनी ओठ चावला, पाचव्याला ओठातून रक्त आलं आणि नवव्याला ते खुर्चीसकट भिंतीवर आदळले.

त्यांची पोरगी शिवकन्या ज्या कोडिंगच्या क्लासात जायची, तिथे सरावाला पालकांना सोबत बसवत. पोरीचा प्रोग्रॅम चुकला की झटका बापाच्या मानेवरच्या विजेच्या पट्ट्यातून बसायचा. अशी कळलेली चूक पोरं जन्मात पुन्हा करत नाहीत, असं क्लासवाले सांगत. आज तिने एक ते दहा आकडे फेरी-फेरीने छापणारा लूप लिहिला होता, आणि स्क्रीनवर नुसता एक, एक, एक येत होता. पहिला एक बरोबर होता. पुढच्या प्रत्येकाला एक झटका.

"सर, बंद करा ना!"

"मधेच बंद होत नाही," बिराजदार सर म्हणाले. "चूक शोध. का काही डाउट आहे?"

डाउट विचारला तरी बापाला एक झटका होता. म्हणून तर काल तिने हाच डाउट गिळला होता. आता अप्पांच्या टाचा फरशीवर थडाथड आपटत होत्या.

"आहे! डाउट आहे!" ती किंचाळली.

पट्टा कडाडला. मग सर म्हणाले, "दर फेरीला आकडा एकने वाढवायचा राहिलाय तुझा."

तिने तेवढी एक ओळ घातली. झटके थांबले.

ती धावत गेली तेव्हा अप्पांनी तुटलेला दात तळहातावर थुंकला.

"काल का नाही विचारलंस?"

"तुम्हाला झटका बसला असता, अप्पा."

"एकच बसला असता की, माय."