भुरीचं पथ्य

चुडामणला सांगून सांगून सुंदरबाईचं तोंड दुखलं होतं. पण आईचं ऐकेल तो चुडामण कसला? कपाशीवर औषध, केळीवर औषध, आणि आता बांधावरच्या उंदरांसाठी औषध कालवलेल्या पिठाच्या गोळ्या. फवारणीचा पंप पाठीला लावला की हा पठ्ठ्या जणू असोदा गावाचा राजाच.

त्या गोळ्यांपायी भुरी मांजर कोठीच्या खोलीत कोंडलेली होती. बाहेर सोडली तर विष खाल्लेला उंदीर खाणार आणि मरणार. आत ठेवून दूध-भाकरी घातली, तर तिचे डोळे जायला लागले. म्हशीसाठी आलेल्या ढोरांच्या डॉक्टरनं भुरीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली.

"दूध-भाकरीवर मांजराचं भागत नाही, अक्का. मासळी द्या. बिनमिठाची, उकडून. तीही चांगल्या पाण्यातली. नाहीतर आंधळी होईल."

मासळी! ज्या घरात कधी अंड्याचं टरफल आलं नाही, त्या घरात! सुंदरबाई कोठीच्या दाराला पाठ लावून बसून राहिली. कोणी दार उघडं टाकेल या धाकानं तिनं उंबरा ओलांडणं सोडलं होतं. आतून भुरी दार ओरबाडायची, बाहेर हिचा जीव वरखाली व्हायचा.

शेवटी आज तिनं गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि मागच्या दारातून मासे धरणाऱ्या निंबाच्या बायकोला हाक मारली. मासळीची टोपली घेऊन चाललेली ती बाई दचकलीच. या दाराशी ती आजवर कधी थांबली नव्हती. शेजारच्या लताबाईचं डोकं भिंतीवरून वर आलं.

"नीट पाहून घे वं लता," सुंदरबाई म्हणाली. "गावभर सांगताना काही राहून जायाले नको."

डोकं खाली गेलं.

नाकाला पदर लावून सुंदरबाई टोपलीवर वाकली. "कुठले हायेत? तापीचे ना?"

"तापी लांब पडते, अक्का. हे तुमच्याच मळ्याखालच्या डोहातले. आज तं जाळंबी टाकावं लागलं नही. आपोआप वर तरंगत व्हते."

सुंदरबाईच्या नाकावरचा पदर सुटला. त्या मासळीला मासळीचा वास नव्हताच. रोज संध्याकाळी चुडामणच्या सदऱ्याला येतो, तो वास होता. पंप तो त्याच डोहात धुवायचा.

"पोरांले घालू नको हे," ती कशीबशी म्हणाली. "इकूबी नको. पुरून टाक."

"मंग आज खाऊ काय, अक्का?"

निंबाच्या बायकोनं टोपली उचलली आणि ती निघाली.

तेवढ्यात चुडामण मळ्यातून आला. पाठीवर पंप. जाणारी टोपली पाहून तो दारातच थबकला.

"आई, मासळीवाली आपल्या दारात? अन् तुह्या गळ्यात माळ नही? आपलं घर बाटवती का तू?"

कोठीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. भुरी पुन्हा कशावर तरी आदळली होती.

"बाटायलेच बसले व्हते रे चुडामण," सुंदरबाई म्हणाली. "पन तू या शिवारात बाटायपुरतंबी काही चोखं ठेवलं नही."