राखणीची जात

बिबट्या मेंढ्या नेतोय म्हणून वडगाव रासाईच्या सावळाराम आबांनी राखणीच्या जातीचं पिल्लू आणलं. बिबट्यानं पिल्लूच नेऊ नये म्हणून ते आठ महिने घरात, स्वतःच्या खाटेखाली वाढवलं. आता वासराएवढं झालेलं ते कुत्रं बिबट्यापासून नरडं वाचावं म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून मेंढ्यांत सोडलं, की पळत खाटेखाली येतं.

"डॉक्टर, हे भेसळीचं निघालं का काय?" आबांनी गुरांच्या डॉक्टरांना विचारलं.

"न्हाई आबा, अस्सल हाय. ही जात ज्याच्यासंगं वाढती, त्यालाच राखती. ते तुम्हाला राखतंय."

"आन् मेंढ्यांना कोण राखायचं?" आबांच्या बायकोनं, मुक्ताबाईनं विचारलं.

कुत्र्यानं जांभई दिली.



तिन्हीसांजेला मुक्ताबाईनं कुत्र्याचा पट्टा सोडला, स्वतःच्या गळ्यात बांधला आणि ती मेंढ्यांकडं निघाली.